पॅनेलवरच्या सरांचं ऐकू की गाइडचं?

प्रश्न (पत्र बरंच मोठं होतं, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय): वय 33. मॅनेजमेंटमध्ये पीएचडी चालू आहे, कोल्हापूर भागातल्या एका रिसर्च सेंटरला, रजिस्ट्रेशन 2021 चं. विषय फौंड्रीचा, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचा. जुने मोल्डर (वाळूचे साचे करणारे कारागीर) रिटायर होत चाललेत, त्यांच्या हातातलं कसब नव्या पोरांकडे जातं का, आणि जात नसेल तर का, यावर दोन फौंड्र्यांमध्ये जाऊन, शिफ्टमध्ये थांबून फील्डवर्क केलंय. मध्यंतरी एका नावाजलेल्या ठिकाणच्या डॉक्टोरल कलोक्वियमला (पीएचडीवाल्यांच्या चर्चासत्राला) निवड झाली, तिथे सीनियर प्रोफेसरांचं करिअरवर पॅनेल होतं. अमेरिकेत आयुष्य घालवलेले एक सर म्हणाले, टॉप जर्नलमध्ये एक पेपर करा, बाकी सगळा टाइमपास. एका मोठ्या बी-स्कूलमधल्या मॅडम चहाच्या वेळी म्हणाल्या, फौंड्री वगैरे ठीक आहे पण यात थिअरी कुठंय, एआय नाहीतर स्टार्टअप घे, सर्व्हे कर, पटकन होईल. एका खासगी इन्स्टिट्यूटचे डायरेक्टर म्हणाले, लवकर सबमिट करा आणि आमच्याकडे या, पेपर नंतर होतात. परत आल्यावर गाइड म्हणाले, असल्या ठिकाणी जाऊन डोकं खराब करून घेऊ नकोस, आहे ते लिही आणि सबमिट कर. "सगळेच मोठे, सगळेच अनुभवी, मग ऐकायचं कुणाचं? मला आता थिसिसची फाइलच उघडवत नाही."

उत्तर:

तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट लगेच जाणवली. चौघं काय म्हणाले ते तुम्ही अगदी शब्दन्‌शब्द लिहिलंय, पण त्या चौघांनी तुम्हाला काय विचारलं ते कुठेच नाही. मला वाटतं विचारलंच नसणार. त्यात त्यांचा फार दोष नाही हो, पॅनेलवर एकेकाला दहा-पंधरा मिनिटं मिळतात, समोर पीएचडीची पोरंपोरी बसलेली, कोण कुठून आलंय आणि कुणाला कुठे जायचंय हे माहीत नसतं, मग माणूस जे स्वतः जगला तेच सांगतो. कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर उभं राहून "गाडी कुठली पकडू?" एवढंच विचारलं तर सांगलीवाला सांगलीची सांगणार आणि पुण्याचा स्वारगेटची, दोघंही बरोबर, कारण तुम्ही जायचं कुठे ते बोललाच नाहीत.

म्हणजे "चार मोठ्या माणसांचे चार उलटसुलट सल्ले" ही जी तुमची समजूत झालीय ना, तिथेच मला जरा अडकायला होतं. मला ते उलटसुलट वाटत नाहीत. चार वेगवेगळ्या नोकऱ्यांची ती उत्तरं आहेत.

अमेरिकेतल्या सरांचं बघा. तिथल्या रिसर्च युनिव्हर्सिटीत असिस्टंट प्रोफेसर लागला की साधारण सहाव्या वर्षी टेन्युअरची, म्हणजे कायम नोकरीची, केस जाते, बाहेरच्या प्रोफेसरांकडून पत्रं मागवतात, आणि बऱ्याच बी-स्कूलमध्ये मोजली जातात ती मोजकीच जर्नल्स. टेक्सास युनिव्हर्सिटीच्या डॅलस कॅम्पसने केलेली 24 जर्नल्सची यादी, फायनान्शियल टाइम्सची 50 ची यादी, असलं काय काय. यादीत नसलेल्या जर्नलमधले चार पेपर तिथे फारसे धरत नाहीत, टेन्युअर नाही मिळालं की नोकरी जाते. त्या माणसाला "एकच पण टॉपला" हे खरंच आहे, जिवाचं खरं. पण त्या सल्ल्याच्या खाली एक गोष्ट असते जी पॅनेलवर कुणी बोलत नाही: तिथे पीएचडीच्या मुलांना साधारण चार-पाच वर्षं फी माफ आणि वर स्टायपेंड असतो. टॉप जर्नलला पेपर पाठवला की पहिलं उत्तर यायलाच दोन-तीन महिने, मग बदल करा, परत पाठवा, परत रिव्ह्यू, यात दोन-तीन वर्षं सहज जातात आणि शंभरातले नव्वदहून जास्त पेपर शेवटी परतच येतात. हे सगळं सोसायला घरी पगार येत असावा लागतो. तुमच्या फेलोशिपचं काय ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण फेलोशिप असलीच तर ती तेवढी टिकणार नाही हे मी धरून चाललेय. आपल्याकडे ती वेळेवर हातात पडली तरी लोक पेढे वाटतात.

मॅडमचं थोडं वेगळं. त्यांच्याकडे भरती होताना उमेदवाराला सेमिनार द्यायला लावतात, आख्खं डिपार्टमेंट समोर बसतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी विचारतं "व्हॉट इज युअर थिअरेटिकल काँट्रिब्युशन". त्यांनी कित्येक पोरांना त्या प्रश्नाला गडबडताना पाहिलं असणार, म्हणून त्या तुम्हाला आधीच टोकत होत्या. त्यांचं निदान बरोबर आहे असं मला वाटतं, औषध चुकलंय, त्यावर पुढे येते. डायरेक्टर सरांना माणसं हवीत, साधी गोष्ट. पीएचडी झालेली फॅकल्टी किती हे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकला दाखवायचं, रँकिंग करणाऱ्या एनआयआरएफला दाखवायचं, तासही भरायचे. आणि तुमचे गाइड विद्यापीठाच्या हिशोबात जगतात, सबमिशन, व्हायवा, नोटिफिकेशन. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमाने प्रोफेसरला एका वेळी आठ, असोसिएटला सहा आणि असिस्टंटला चार पीएचडीचे विद्यार्थी घेता येतात, तुम्ही मोकळ्या झालात की त्यांची एक जागा मोकळी होते. वाईट अर्थाने नाही म्हणत मी, पण कुठलाही सल्ला घेताना देणाऱ्याच्या टेबलावर काय पडलंय ते बघून घ्यावं.

आता तुमच्या पत्रातल्या एका ओळीकडे येते. मधेच कुठेतरी तुम्ही लिहिलंय की मिस्टरांचं दुकान कोल्हापुरात आहे आणि मुलगी यंदा पहिलीत गेली. बस, एवढंच, आणि पुढे परत जर्नल आणि थिअरी. माझ्या मते आख्ख्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती आहे आणि पॅनेलवरच्या एकालाही ती माहीत नव्हती. पुढची पाचेक वर्षं तुम्ही कोल्हापूर सोडू शकता का? पुणे-मुंबई चालेल का? चेन्नई, रांची, अमेरिका? मी असं अजिबात म्हणत नाहीये की बाईमाणसाने नवऱ्याच्या दुकानाजवळच नोकरी बघावी, उलट मी म्हणेन हे घरी उघडपणे बोला, कधीकधी आपणच मनात धरून बसलेलो असतो की जमणार नाही आणि समोरचा माणूस म्हणतो जा की, दुकान मी बघतो, आई आहेच. पण उत्तर काहीही येवो, ते आल्याशिवाय जर्नलची चर्चा हवेतच राहणार.

समजा उत्तर आलं की कोल्हापूर-सांगली सोडायचं नाही. मग अमेरिकेतल्या सरांचा सल्ला आदराने बाजूला ठेवा, तुमच्या कामाचा नाही तो. पण मग इथलं चित्रही डोळे उघडे ठेवून बघायला लागेल. अनुदानित कॉलेजात भरती कशी आणि किती रखडते हे तुम्हाला मी सांगायला नको, सीएचबीवर तासाच्या हिशोबाने वर्षानुवर्षं शिकवणारे पीएचडीवाले तुमच्या ओळखीत असतीलच. सातव्या वेतन आयोगात असिस्टंट प्रोफेसरचं मूळ वेतन 57,700 पासून सुरू होतं, तो आकडा बघून लोक पीएचडीला येतात आणि जागाच निघत नाहीत. जुलै 2023 पासून यूजीसीने असिस्टंट प्रोफेसरला किमान पात्रता म्हणून नेट-सेट धरलंय, तेव्हा सेट झाली नसेल तर फॉर्म भरून ठेवा, पीएचडीच्या नादात लोक ते विसरतात. खासगी एमबीए कॉलेज हा दुसरा रस्ता, तिथे पगार किती ते कागदावर किती आणि हातात किती असं दोनदा विचारायचं.

समजा पुणे-मुंबई चालेल असं ठरलं. मग डायरेक्टर सरांसारखे बरेच दरवाजे आहेत. त्यातले काही चांगले आहेत, रिसर्चला वेळ देतात, चांगल्या जर्नलमध्ये पेपर आला तर वेगळे पैसेही देतात, त्यासाठी बहुतेक ठिकाणी ऑस्ट्रेलियाच्या बिझनेस डीन लोकांची एबीडीसी यादी चालते, ए-स्टार, ए, बी, सी अशी. आणि काही ठिकाणी आठवड्याला तासांचा डोंगर, वर ॲडमिशनच्या सीझनला पालकांना फोन करायला बसवतात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, तीच काचेची बिल्डिंग.

आणि समजा देशात कुठेही जायची तयारी आहे, तर मॅडमचं म्हणणं गंभीरपणे घ्यायला हवं. आपल्याच राज्यात नागपूरचं आयआयएम 2015 चं आहे, पवईच्या नीटीचं 2023 मध्ये आयआयएम मुंबई झालं, म्हणजे फार लांब जायलाच हवं असंही नाही, पण तिथे तो थिअरीचा प्रश्न येणारच येणार.

तर थिअरी. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण पत्रातल्या फौंड्रीच्या भागाने मला धरून ठेवलं. तुम्ही लिहिलंय ना, की जुना मोल्डर वाळू मुठीत घेतो, दाबतो, मूठ उघडून तो गोळा मधोमध मोडून बघतो, कडा कशा राहतात ते बघतो आणि सांगतो की पाणी जास्त झालंय, आता बाजूला सँड लॅब आहे, टेस्टरवर आकडा येतो, नवी पोरं आकडा बघून वाळू पास करतात, आणि एकदा आकडा ठीक असताना म्हाताऱ्याने वाळू थांबवली तर सुपरवायझर त्याच्यावर ओरडला. पुढे त्या वाळूचं काय झालं ते तुम्ही लिहिलंच नाही! ती अडवली होती म्हणून कास्टिंगला ब्लो होल, म्हणजे वायूची भोकं, कमी आले का जास्त आले? तुमच्या डायरीत असेल तर तो तुमच्या थिसिसचा गाभा आहे.

यात थिअरी नाही? जपानचे मॅनेजमेंट अभ्यासक इकुजिरो नोनाका ज्या उदाहरणामुळे जगभर गाजले ते पावाच्या पिठाचं आहे. मात्सुशिता कंपनीला घरगुती ब्रेड मशीन करायचं होतं, 1980 च्या दशकातली गोष्ट, पीठ काही नीट मळलं जाईना, तेव्हा कंपनीतली एक सॉफ्टवेअरवाली बाई ओसाकाच्या एका हॉटेलातल्या मुख्य बेकरकडे जाऊन शिकली आणि तिच्या लक्षात आलं की तो पीठ ओढताना एक पीळ देतो, जो त्याला स्वतःला शब्दांत सांगता येत नव्हता. त्यावरून हातातलं ज्ञान संस्थेच्या मालकीचं कसं होतं याची आख्खी थिअरी उभी राहिली. तुमचा मोल्डर आणि तो बेकर यात मला तरी फरक दिसत नाही, फक्त तुमची गोष्ट उलटी आहे, इथे मशीन आधी आलं आणि पीळ कुणी विचारलाच नाही. उलटी आहे म्हणूनच ती नवी आहे.

अजून मागे जा. 1951 मध्ये एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ यांनी इंग्लंडमधल्या कोळसा खाणींवर पेपर लिहिला. बॅमफर्थ स्वतः पूर्वी खाणीत काम केलेला माणूस. खाणीत मशीन आलं, छोट्या छोट्या टोळ्या मोडून प्रत्येकाला एकेक तुकडा काम दिलं आणि उत्पादन वाढायच्या ऐवजी गैरहजेरी वाढली, का, तर मशीनबरोबर माणसांची मांडणी कुणी बघितली नाही. त्याच गोतावळ्यातले ए. के. राइस 1953 मध्ये अहमदाबादला कॅलिको मिलमध्ये आले आणि मागांवरच्या लोकांची छोट्या गटांत मांडणी करून बघितली, ते काम आजही शिकवतात. आणि आपल्या दारातलं उदाहरण हवं असेल तर तारापूर. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारापूर-उंबरगावच्या कापड कारखान्यांत प्रयोग केला, काही कारखान्यांना रोजची नोंद ठेवा, खराब मालाचा हिशोब ठेवा, मशीनची देखभाल वेळेवर करा अशी साधी शिस्त शिकवली, पहिल्याच वर्षात उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली आणि 2013 मध्ये तो पेपर अर्थशास्त्रातल्या अगदी वरच्या जर्नलमध्ये आला. मान्य आहे, त्यांच्यामागे स्टॅनफर्डचं नाव होतं आणि कन्सल्टंटला द्यायला पैसे होते, तुमच्याकडे ॲक्टिव्हा आणि डायऱ्या आहेत. पण एमआयडीसीतला कारखाना म्हणून विषय लहान होतो हे काही खरं नाही.

मॅडमचं निदान बरोबर म्हटलं ते यासाठी की तुमच्या सिनॉप्सिसचं शीर्षक, जे तुम्ही पत्रात दिलंय, "अ स्टडी ऑफ... इन फौंड्री युनिट्स इन कोल्हापूर डिस्ट्रिक्ट" या साच्यातलं आहे. आपल्याकडे असंच लिहायची पद्धत आहे, हजारो थिसिस या शीर्षकाचे शोधगंगेवर, म्हणजे थिसिसच्या ऑनलाइन साठ्यावर, पडलेत. त्यात जागा आहे, प्रश्न नाही. एक कोरा कागद घ्या आणि कोल्हापूर, फौंड्री, मोल्डर हे तीन शब्द न वापरता तुमचा प्रश्न दोन वाक्यांत लिहा. मी लिहून बघितलं: जिथे अंदाज हातात असतो तिथे मोजणारं यंत्र आलं की शिकणारा माणूस अंदाज शिकतो की फक्त आकडा वाचायला शिकतो, आणि आकडा चुकला तर ते ओळखणारं कोण उरतं? हा प्रश्न हॉस्पिटलच्या नर्सला लागू आहे, साखर कारखान्याच्या पॅनमनला लागू आहे, आणि बघा, एआयवाल्यांनाही लागू आहे, म्हणजे मॅडमचा एआयही आला, विषय न बदलता. मग तिसरं वाक्य: हे फौंड्रीतच का नीट दिसतं? कारण तिथे जुना हात आणि नवा टेस्टर एकाच शेडमध्ये, एकाच शिफ्टला अजून सोबत आहेत, आणि चूक झाली तर रिजेक्शन रजिस्टरमध्ये दुसऱ्या दिवशी आकड्यात दिसते. ते रिजेक्शन रजिस्टर मिळवा. मालकाची लेखी परवानगी घेऊन, कुठल्या शिफ्टला जुना मोल्डर होता आणि कुठल्या शिफ्टला नव्हता ते तुमच्या डायरीशी ताडून बघा. नुसत्या मुलाखतींवर जो रिव्ह्युअर नाक मुरडतो त्याला हे दाखवता येतं.

फील्डवर्क टाकून देऊन गूगल फॉर्मवर तीनशे स्टार्टअपवाल्यांकडून पाच-पॉइंट स्केल भरून घ्यायचा विचार मात्र डोक्यातून काढा. पटकन होईल हे खरं, आणि पटकन झालेले असे तुमच्याआधी रांगेत खूप जण उभे आहेत.

जाता जाता अजून एक. पॅनेलवर जे बसतात ते टिकलेले लोक असतात. त्याच बॅचमधून जे गळाले त्यांना स्टेजवर कुणी बोलवत नाही, त्यामुळे "मी असं केलं म्हणून झालं" यातला "म्हणून" किती खरा ते त्यांनाही माहीत नसतं. मॅनेजमेंटचे नावाजलेले प्रोफेसर सुमंत्र घोषाल यांची गोष्ट अशा ठिकाणी हमखास सांगतात, इंडियन ऑइलमधली नोकरी, मग अमेरिकेत जाऊन एमआयटी आणि हार्वर्ड अशा दोन्हीकडच्या डॉक्टरेट. ऐकायला भारी आहे, पण त्यावरून आपला प्लॅन काढता येत नाही. गंमत म्हणजे ह्याच घोषालांनी शेवटी शेवटी लिहिलं की चुकीच्या मॅनेजमेंट थिअऱ्याच चांगल्या मॅनेजमेंटचं नुकसान करतायत, तो पेपर ते गेल्यावर 2005 मध्ये छापून आला. हा भाग पॅनेलवर सहसा येत नाही.

नियमांचं थोडक्यात बघू, कारण "वेळ संपत आली" ही जी भीती पत्रात आहे ती मला तपासून बघावीशी वाटते. तुमचं रजिस्ट्रेशन 2021 चं, म्हणजे नोव्हेंबर 2022 मध्ये आलेले यूजीसीचे नवे पीएचडी नियम तुम्हाला लागू नाहीत, तुम्हाला 2016 चेच. त्यात कमाल सहा वर्षं आणि महिलांना वर दोन वर्षं सवलत आहे. म्हणजे घड्याळ चालू आहे पण गळ्याशी आलेलं नाही. दुसरं, नव्या नियमांत थिसिसच्या आधी पेपर छापायची सक्ती काढली म्हणून तुमच्या ज्युनियर तुम्हाला सांगत असतील की पेपर लागतच नाही, त्यांचं त्यांच्यापुरतं बरोबर, तुम्हाला मात्र रेफरीड जर्नलमध्ये एक पेपर आणि कॉन्फरन्समध्ये दोन प्रेझेंटेशन लागतात. तिसरं, कुणी "केअर लिस्टमधलं जर्नल बघ" म्हणालं तर ती मान्य जर्नल्सची यादी यूजीसीने फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केलीय, आता कुठलं जर्नल चालतं हे विद्यापीठानेच ठरवायचं आहे. पीएचडी सेक्शनला जाऊन हे तिन्ही लेखी विचारा. तोंडी नको, खिडकीवरचा माणूस बदलला की उत्तर बदलतं.

त्या एका पेपरच्या घाईत व्हॉट्सॲपवर येतात ना मेसेज, "तीन दिवसांत पब्लिश, सर्टिफिकेट फ्री", तिकडे अजिबात जायचं नाही, सीनियर म्हणाले तरी नाही. तो पेपर गूगल स्कॉलरवर आयुष्यभर तुमच्या नावाखाली दिसतो आणि चांगल्या ठिकाणची सिलेक्शन कमिटी आधी तेच उघडते.

आता गाइड. "पॅनेलवर तर असं म्हणाले" हे वाक्य त्यांच्यासमोर परत उच्चारू नका. माणसाला लागतं ते. त्यांना तारीख हवीय, तुम्हाला प्रश्न मोठा करायचाय, दोन्ही होतं. वरचं ते एक पान घेऊन जा आणि म्हणा, सर, विषय हाच ठेवतेय, शीर्षकही तेच, फक्त पहिल्या चॅप्टरमधला प्रश्न असा मांडला तर चालेल का, आणि सबमिशन अमुक महिन्यात धरू. विषय तोच म्हटल्यावर त्यांचा निम्मा ताण जाईल, सिनॉप्सिस बदलायची कटकट नाही. सर हो म्हणाले की तेच पान सहामाही आरएसीच्या (रिसर्च ॲडव्हायझरी कमिटीच्या) मीटिंगला ठेवा आणि मिनिट्समध्ये येऊ द्या, म्हणजे पुढे कुणी "हे कुठून आलं" म्हणणार नाही.

सीनियर लोकांशी बोलायचं बंद करू नका हं, एवढं सगळं वाचून तसं वाटेल. फक्त विचारायची पद्धत बदला. "मी काय करू" याऐवजी त्यांनी डोळ्यांनी जे पाहिलंय ते विचारा. तुमच्या डिपार्टमेंटने शेवटी ज्यांना घेतलं त्यांच्या फाइलमध्ये काय होतं? ज्यांना नाही म्हटलं त्यांचं कुठे अडलं? याची उत्तरं लोक खुशीने देतात आणि ती खरी असतात, कारण त्यात उपदेश करायला जागाच नसते. अमेरिकेतल्या सरांनी कार्ड दिलंय ना, त्यांना पाच ओळींचा मेल टाका. मी कलोक्वियममध्ये फौंड्रीवर बोललेली, सोबत पेपरची पहिली दोनच पानं जोडलीत, वाचताना ज्या ओळीला तुम्हाला पुढे वाचावंसं वाटलं नाही ती ओळ कुठली एवढंच कळवाल का. दोन पानं कुणीही वाचतं. पन्नास पानं पाठवून "युअर व्हॅल्युएबल फीडबॅक" मागितला की तो मेल तारांकित होऊन पडून राहतो. आणि पासष्टीच्या प्रोफेसरांइतकंच, खरं तर जास्त, दोन-तीन वर्षांपूर्वी नोकरीला लागलेल्यांना विचारा. इंटरव्ह्यूला काय विचारलं, पगाराचं बोलणं कसं झालं, वर्षाला किती तास पडतात, हे त्यांना ताजं आठवतं.

डायरेक्टर सरांच्या ऑफरला लगेच नाही म्हणू नका. त्यांना विचारा की सबमिशनपर्यंत तास किती, ॲडमिशनचं काम आहे का, आणि ऑफर लेटरवर ते येईल का. अजून एक विचारायचं, जे मुली संकोचाने विचारत नाहीत: माझ्या फील्डवर्कवरच्या पेपरला लेखक म्हणून कोण कोण असणार? पत्रात तुम्ही लिहिलंय की ते हसत म्हणाले "आपण मिळून दोन-तीन पेपर काढू". मिळून म्हणजे काय ते आधी ठरलेलं बरं. ज्याने काम केलं त्याचं नाव, गाइडचं रीतसर जे असेल ते, बाकी कुणाचं नाही. हे लिहायला सुरुवात करायच्या आधी मेलवर येऊ द्या, नंतर फार कडू होतं.

फाइल उघडवत नाही म्हणता, तर आत्ता उघडूही नका. चॅप्टर लिहायला बसलात की परत ते चार आवाज येणार. फील्डवर्कच्या डायऱ्या काढा, त्या वाळू अडवलेल्या दिवसाचं पान शोधा आणि तेवढाच प्रसंग मराठीत, जसा झाला तसा, दोन पानं लिहून काढा, सुपरवायझर काय बोलला, म्हातारा काय बोलला, पोरं कुठे बघत होती, सगळं. इंग्रजी नंतर. घरचं बोलणं याच आठवड्यात उरका, आरएसीच्या तारखेच्या आधी. आणि ती दोन पानं मला पाठवायची असली तर जरूर पाठवा, फक्त फौंड्रीचं आणि त्या काकांचं नाव काढून.